आठ परस

एकवीस वर्षांच्या संसारात भागीबाईने नवऱ्याचं नाव एकदाच उच्चारलं, आणि त्याच दमात तो गेला.

एरवी ती त्याला ‘रोशनीचे बाबा’ म्हणायची, नाहीतर नुसतं ‘ओ’. लग्नात बायकांनी नाव घे, नाव घे म्हणून घेरलं होतं, तेव्हाही ती पदरात तोंड घालून बसून राहिली. अर्धा तास झाला तरी बया तोंड उघडेना, तेव्हा मोठ्या नणंदेनेच कंटाळून तिच्या वतीने नाव घेऊन टाकलं आणि पंगत बसवली. पुढे पुंजा तिला कधीमधी चिडवायचा, की सगळ्या पाड्याला माझं नाव माहीत हाय, एक तुलाच नाय. ती हसायची आणि कामाला लागायची.

पुंजा विहिरी खोदायचा. पेठ तालुक्यातल्या त्यांच्या पाड्यावर भात आणि नागली घरात आली की दिवाळीनंतर हाताला काम उरत नाही. मग पुंजा, त्याचा धाकटा भाऊ काळू, भागीबाई आणि आणखी चार-पाच माणसं अशी टोळी दिंडोरी, गिरणाऱ्याकडच्या बागाईतदारांच्या विहिरी घ्यायची. विहिरीच्या तोंडावर यारी बसवायची. यारी म्हणजे इंजिनावर चालणारा मोठा लोखंडी हात, त्याला तार आणि तारेला बादली. खाली पुरुषांनी फोडलेला दगड बादलीत भरायचा, वर खेचायचा आणि बाजूला उलटा करायचा. भागीबाई तोंडावर उभी असायची. बादली कुठवर आली ते यारीवाल्याला हाताने दाखवायचं आणि खालच्या माणसांना आवाज द्यायचा, हे तिचं काम. पंधरा वर्षं तिने ते डोळ्यांत तेल घालून केलं. तिच्या आवाजाखाली कुणाचं नखसुद्धा दुखावलं नव्हतं.

या कामात एकच नियम सगळ्यात कडक. वरून काही सुटलं तर ‘कड धर!’ एवढंच ओरडायचं. ते ऐकलं की खालच्याने वर न बघता जागा सोडायची आणि कडेला पाठ लावायची. नाव घेऊन हाक मारायची नाही. कारण नाव ऐकलं की माणूस वर बघतो, आणि वर बघणाऱ्याचे पाय जागचे हलत नाहीत.

चैत्रात, गिरणाऱ्याच्या पुढे रंगनाथ आप्पांच्या मळ्यात, विहीर आठ परस, म्हणजे पन्नास-पंचावन्न फूट, खोल गेली होती. सकाळची अकराची वेळ. भरलेली बादली तोंडाशी आली आणि तिच्यावरून नारळाएवढा एक दगड घरंगळला. खाली बरोबर मधोमध पुंजा उभा होता, टॉवेलने तोंड पुसत. भागीबाईने पंधरा वर्षांत शंभर वेळा ‘कड धर’ म्हटलं असेल. त्या वेळी मात्र तिच्या तोंडून निघालं, “पुंजा!”

काळू आधीच कडेला होता म्हणून वाचला. त्याने बघितलं ते असं, की दादाने तोंडावरचा टॉवेल खाली घेतला आणि वर मान केली. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल होतं. बायकोने नाव घेतल्याचं नवल. मग दगड आला.

काळूने हे पोलिसांना सांगितलं नाही, आप्पांना सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तो सगळ्यांना एकच वाक्य सांगत सुटला, “वेळच नव्हता.” ते वाक्य लोकांना फार सोयीचं पडलं. भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप खाली ठेवून तेच म्हणायचा. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं, वहिनी. कोण काय करणार होतं? वेळच नव्हता. दुसऱ्याच्या दुःखातून लवकर पाय काढून घ्यायला माणसाला असं एखादं वाक्य लागतंच. भागीबाई ते ऐकायची आणि स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून बसायची, जणू तो गळा कुणी चोरून नेऊ नये म्हणून राखत होती.

दिवसकार्य उरकलं आणि पाहुणे गेले, त्या दुपारी तिने ते रोशनीला सांगितलं. रोशनी ही तिची एकुलती मुलगी. नाशिकच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र. पाड्यावरून इतकं शिकायला गेलेली पहिलीच. पुंजाला तिचा कोण अभिमान! पोरगी काय शिकते असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, “वस्तू खाली का पडती, ते शिकती.” लोक हसायचे. तो म्हणायचा, “हसू नका, लय अवघड असतंय ते.”

“मी त्यांचं नाव घेतलं, रोशनी,” भागीबाई म्हणाली. “कड धर म्हणाले असते तर ते बाजूला झाले असते. मीच थांबवलं त्यांना.”

आई चौदा दिवस धड जेवली नव्हती. हाताच्या बांगड्या गेल्या होत्या आणि मनगटं काड्यांसारखी दिसत होती. आता हिला इथून ओढून काढायचं कसं? आणि रोशनीला एकदम आपली विद्या आठवली.

“आई, ऐक. नुसतं लोक म्हणतात म्हणून नाय, मी तुला मांडून दाखवते. पडणाऱ्या वस्तूचं गणित असतं. खोली कळली की किती वेळात पडली ते काढता येतं. तू काहीही ओरडली असती ना, तरी वेळ पुरला नसता. हे मी तुला लिहून आणून देते.”

भागीबाईने पहिल्यांदा गळ्यावरचा हात काढला. “खरंच निघतं असं?”

“एका ओळीत निघतं.”

“मग काढ,” भागीबाई म्हणाली. “तू सांगशील ते मी मानीन. बाकीच्यांचं नाय मानत मी.”

इथेच चूक झाली. उत्तर काय येणार ते रोशनीने आधीच ठरवून टाकलं आणि गणित नंतर करायला घेतलं. बारावीपासून तिने विहिरीत दगड टाकायची चाळीस-पन्नास गणितं सोडवली होती. पण पुस्तकातल्या विहिरी रिकाम्या असतात. तिथे दगड पडतो, वेळ निघतो, वेग निघतो, आणि खाली कुणी उभं नसतं. ‘हवेचा विरोध नगण्य माना’ असं पुस्तक सांगतं, आणि माणसाचं तर नावही काढत नाही. त्यामुळे तिलाही बाकीच्यांसारखंच वाटत होतं, की दगड पडतो म्हणजे डोळ्याचं पातं लवतं.

वसतिगृहात परत आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ती अभ्यासिकेत वही घेऊन बसली. खोली आठ परस. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची, सात फूट धरतात. छप्पन फूट, म्हणजे सतरा मीटर. दुप्पट करायची, नऊ पूर्णांक आठने भागायचं, वर्गमूळ घ्यायचं. दोन मिनिटांत उत्तर आलं. एक पूर्णांक सत्याऐंशी सेकंद.

तिला वाटलं, कुठेतरी चुकलं. तिने परत केलं. तेच आलं. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून ती बसली आणि एक पूर्णांक सत्याऐंशी सेकंद कसे जातात ते तिने बघितलं. ते संपता संपेनात. तेवढ्यात शेजारच्या मुलीने पेनचं टोपण काढलं आणि पान उलटलं.

मग ती त्या आकड्याच्या मागेच लागली. बाबा उंचीने बेताचे होते. खोली मोजायला तेच तळाशी हात वर करून उभे राहायचे आणि वरून दोरी सोडायला लावायचे. म्हणजे त्यांचा परस सहा-साडेसहा फुटांचाच असणार. तिने साडेसहा धरलं. एक पूर्णांक ऐंशी. सहा धरलं. एक पूर्णांक त्र्याहत्तर. वर्गमूळ मेलं असं हट्टी, की खोली फुटाफुटाने कापत आणली तरी वेळ केसभरच हलतो. हवेचा विरोध धरून बघितला, तर दगड हळू पडायला लागला आणि वेळ उलटा वाढलाच. दगड तळाशी पोचला तेव्हाचा वेगही तिने काढला. ताशी सहासष्ट किलोमीटर. पेठच्या घाटात एस.टी.सुद्धा इतकी पळत नाही. ते लिहून झाल्यावर ती उठून बाहेर गेली, नळाखाली तोंड धुतलं आणि परत येऊन बसली.

आता वजाबाकी. आईने दगड बघितला आणि तिच्या तोंडून आवाज फुटला, त्यात चार दशांश सेकंद धरले. आवाज तळाशी पोचायला सेकंदाचा विसावा भाग. बाबांच्या कानातून पायांपर्यंत हुकूम जायला तीन दशांश. कडेपर्यंत पोचायचीही गरज नव्हती, दगड चुकवायला एक पाऊल पुरत होतं. त्या पावलाला अर्धा सेकंद, तोही ढिलाईने. एकूण सव्वा सेकंद.

एक पूर्णांक सत्याऐंशीतून सव्वा गेला. सहा दशांश उरले.

रोशनी त्या सहा दशांशांकडे बघत बसली. बाबा वाचून, बाजूला होऊन, वर सहा दशांश सेकंद शिल्लक राहत होते. आयुष्यात तिने केलेलं हे सगळ्यात बिनचूक गणित होतं, आणि ते तिच्या आईला गिळायला बसलं होतं. एखाद्या गुणाकारात आपण चुकलो असतो तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल तिला रडू आलं.

शनिवारी ती पाड्यावर गेली. भागीबाई ओसरीवर वाट बघतच होती. “निघालं?”

“निघालं,” रोशनी म्हणाली. तिने घडी केलेला कागद उघडून आईपुढे धरला. त्यावर सूत्र होतं, आकडे होते आणि खाली दोन रेघांमध्ये उत्तर होतं. सगळं खोटं. “अर्धा सेकंद लागला, आई. दगड अर्ध्या सेकंदात खाली.”

“म्हणजे केवढं?”

रोशनीने चुटकी वाजवली.

“एवढंच?” भागीबाईने तिच्या बोटांकडे बघितलं. “कड धर म्हणायला पुरलं नसतं?”

“कड म्हणायलासुद्धा पुरलं नसतं. तू काय बोललीस त्याने काहीच फरक पडला नाय.”

भागीबाईला आकडे वाचता येत नव्हते. तिने कागद हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, नीट घडी घातली आणि तांदळाच्या डब्यात ठेवून दिला. मग चूल पेटवली. त्या दिवशी तिने दोन भाकरी खाल्ल्या. जेवता जेवता मध्येच थांबून तिने स्वतः एकदा चुटकी वाजवून बघितली आणि परत घास घेतला. रोशनी मात्र भाकरीचे नुसते तुकडे करत बसली. आपण आईला वाचवलं, असं ती मनाशी म्हणत होती. तिने ते इतक्या वेळा म्हटलं की त्यावरूनच ते खरं नसल्याचं कळावं.

तिकडे विहीर थांबली नव्हती. घेतलेली विहीर अर्धी ठेवायची नाही, असं टोळीतले लोक मानतात. अर्धी विहीर माणसामागे फिरते म्हणे. काळूने नवा माणूस घेतला आणि दात-ओठ खाऊन काम पुरं केलं. मे महिन्याच्या शेवटी नऊ परसांवर पाणी लागलं. रंगनाथ आप्पांनी पूजा ठेवली आणि स्वतः पाड्यावर फोन केला. पहिलं पाणी लागलं की विहिरीला नारळ सोडतात. तो मान घरधन्याचा. पण आप्पा म्हणाले, “नारळ वहिनी सोडतील.”

हे ऐकून रोशनीच्या तोंडचं पाणी पळालं. नऊ परसांवरून चढलेलं पाणी आता सात-साडेसात परस खाली, आणि वरून आईच्या हातचा नारळ. ती आईबरोबर गेली ती तिला अडवायलाच. विहिरीपाशी हळदकुंकू, फुलं, आप्पांच्या घरच्या बायका, टोळीची माणसं. यारी अजून तोंडावरच उभी होती. रोशनीने आप्पांना बाजूला घेतलं आणि ज्या बोलण्याची तिला आयुष्यभर चीड यायची तेच ती बोलली.

“आप्पा, आईच्या हातून कसं चालेल? तिचं कुंकू... लोक काय म्हणतील?”

आप्पांचा चेहरा उतरला. “तू शिकलेली पोर असून असं बोलतेस? या विहिरीला तिच्याइतकं कोणी दिलं नाही. तिने सोडला नाही तर नारळ सोडायचाच नाही.”

“मग मी सोडते.”

“मी सोडणार हाय,” मागून भागीबाई म्हणाली.

ती यारीच्या बाजूला, तिच्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली. पाय कुठे रोवायचे हे त्यांनाच ठाऊक होतं. तिने नारळ दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि हात लांब करून मधोमध नेला. रोशनी तिच्या शेजारीच होती. पहिल्या वर्षाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं तिला आठवलं, की जड असो वा हलकं, दगड असो वा नारळ, खाली सगळं सारख्याच वेळात जातं. आज तरी हे खोटं ठरू दे, असं तिने मनातल्या मनात कुणाला तरी विनवलं.

भागीबाईने हात सोडले.

तिचे ओठ हलत होते. आवाज इतका बारीक होता, की फक्त रोशनीलाच ऐकू आला.

“कड धर. कड धर. कड...”

मग पाण्याचा आवाज आला.

बायकांनी हात जोडले. आप्पांनी गुळाचं ताट पुढे केलं. पलीकडे काळू खाली मान घालून उभा होता. त्याला वहिनीच्या ओठांचा अर्थ कळला होता. भागीबाईने गुळाचा खडा घेतला, तोंडात टाकला आणि सगळ्यांना म्हणाली, “पाणी चांगलं हाय.” आवाज अगदी नेहमीसारखा होता. रोशनीला वाटलं, हिने किंचाळावं, मला चार थोबाडीत माराव्या, पण असं नेहमीसारखं बोलू नये.

जेवणासाठी त्या थांबल्या नाहीत. काळू मागे राहिला. दोघी चालत डांबरी रस्त्यापर्यंत आल्या आणि बाभळीखाली पेठच्या एस.टी.ची वाट बघत बसल्या. ऊन टळटळीत होतं. मग भागीबाईने पिशवीतून एक घडी काढली. तांदळाच्या डब्यातला तोच कागद होता. घडीत तांदळाचे दोन दाणे अडकलेले होते.

“हे घे तुझं,” ती म्हणाली. “परीक्षेत असं नको लिहू. नापास करतील.”

रोशनीने कागद घेतला नाही. “आई, मी... तू जेवत नव्हतीस गं.”

“मला कळतंय.” भागीबाईने कागद तिच्या मांडीवर ठेवला. “पंधरा वर्षं विहिरीच्या तोंडावर उभी राहिले मी. खडे पडताना कमी बघितले का? मलाच मानायचं होतं, म्हणून मानलं. मला वाटलं, पुस्तकात हाय म्हणजे असंल. आता खरं सांग.”

“नको, आई.”

“नारळ पाण्यात पडायच्या आत दोनदा म्हणून झालं माझं, तिसऱ्यांदा म्हणत व्हते. मी ऐकलंय. तू सांगितलं नाय तर मी रोज दगड टाकून मोजत बसंन. त्यापेक्षा तू सांग.”

रोशनीने सांगितलं. आठ परस, सतरा मीटर, एक पूर्णांक सत्याऐंशी. आवाजाला किती, कानाला किती, पावलाला किती. मास्तरांपुढे तोंडी परीक्षा द्यावी तशी ती सपाट आवाजात सांगत गेली. वेगळ्या आवाजात तिला ते सांगताच आलं नसतं. भागीबाई मध्ये मध्ये मान हलवत होती, जणू यारीवाल्याला बादली कुठवर आली ते दाखवत होती.

“म्हणजे मी कड धर म्हणाले असते,” ती म्हणाली, “ते बाजूला झाले असते. त्याच्यानंतर दगड पडायला किती उरलं असतं?”

“सहा दशांश सेकंद.”

“म्हणजे केवढं?”

रोशनीने बोटं वर केली. चुटकी वाजवायला गेली, पण चुटकी पुरेशी नव्हती, आणि टाळीही पुरली नसती. तिने हात खाली घेतला.

भागीबाई रस्त्याकडे बघत होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. तिने गळ्यावरचा पदर सारखा केला आणि हळू, स्वच्छ आवाजात, आयुष्यात दुसऱ्यांदा ते नाव घेतलं.

“पुंजा.”

मग तिने रोशनीकडे वळून विचारलं, “एवढं?”

रोशनीला खोटं बोलायचं होतं. अजून एकदा, शेवटचं. पण आईचे डोळे तिच्या तोंडावर खिळले होते, आणि त्या नावाचा आकडा तोच होता.

“हो,” ती म्हणाली. “एवढंच.”

थोड्या वेळाने पेठची एस.टी. आली. दोघींपैकी कुणीच हात केला नाही, म्हणून ती न थांबता पुढे गेली.